बाईंचं झाड

कचऱ्यावर माझ्याइतकं बोललेली मास्तरीण त्या काळी अंधेरीत दुसरी नसेल. बोलण्यात मी कधी कमी पडले नाही, आईची तीच तक्रार असायची. पारल्याच्या घरून सकाळी चालत शाळेला निघाले की बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास बराच वेळ सोबतीला असायचा आणि मी मनातल्या मनात त्या दिवशीचं भाषण जुळवत चालायचे. वय बावीस, नोकरीचं दुसरं वर्ष आणि चौथीचा वर्ग ताब्यात. जगात जे काही बिघडलं आहे ते चौथीपासून सुधारता येईल अशी माझी खात्री होती.

पुढे जे घडलं ते मी आजवर अर्धंच सांगत आले. ती अर्धी गोष्ट लोकांना फार आवडते. उरलेली अर्धी लाजेमुळे राहिली आहे, आणि आता वय असं झालंय की राहिली तर कायमचीच राहील.

शाळा बैठी, कौलारू, चार खोल्यांची होती. पहिली ते चौथी. जागा एका व्यापाऱ्याने दिलेली, सगळे त्यांना शेटजी म्हणत. शेटजी सज्जन होते, पण जागा देताना त्यांनी एक अट घातली होती, की शाळेच्या आवारात मांस-मच्छी कधी येता कामा नये. ही अट मुख्याध्यापकांच्या खोलीत चौकटीत लावून ठेवली होती. मला तिच्यात काही वावगं वाटलं नव्हतं. खरं तर ती अट आहे असंही वाटलं नव्हतं. आमच्या घरी मासळी येत नसे, त्यामुळे शाळेत ती येत नाही हे मला पंचांगाइतकंच ठरलेलं वाटायचं.

शाळेमागे मोकळी जागा होती, नुसता मुरूम. पलीकडच्या चाळींतून भिंतीवरून कचरा यायचा. फुटकी मडकी, चिंध्या, राख, कधी मेलेली घूस. कोपऱ्यावर म्युनिसिपालटीची लोखंडी पेटी होती, ती नेहमी ओसंडलेली. कचऱ्याची गाडी यायची तेव्हा यायची. एकदा वर्गात मी सांगितलं की मुंबईचा कचरा गोळा होऊन देवनारला जातो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग देवनारची माणसा खंय टाकतत, बाई?”

सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, “विषयाला सोडून बोलू नये.” त्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, हे खरं कारण.

प्रश्न विचारणारी मुलगी हजेरीपटावर शेवटची होती, एकेचाळिसावी. वर्गापेक्षा वर्षभराने मोठी, काटकुळी, गुडघ्याच्या खाली लोंबणारा मोठा झगा घातलेली. मालवणकडची. बाप पूर्वी गिरणीत होता, आता कुठल्याशा गोदामावर राखणदार. आई चाळीतल्या दीड खोलीत खानावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले पंधरा-वीस बाप्ये तिच्याकडे दोन्ही वेळ जेवायचे. मुलगी पहाटे उठून मसाला वाटायची, ताटं घासायची आणि मग शाळेत यायची. तिच्या बोटांना हळद आणि आणखी कसला तरी वास असायचा. वाचायला लागली की मात्र थांबवावं लागायचं. माझं वाक्य संपायच्या आत ती पान उलटून पुढे गेलेली असायची.

जुलैत झाडं लावायचा समारंभ झाला. सरकारी बागेतून रोपं आली, पोरं ओळीत उभी राहिली, प्रत्येकाला एक. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून मी एकेचाळीस बिल्ले केले, त्यावर रंगाने हजेरीचे नंबर घातले आणि एकेक रोपाशेजारी काठी रोवून तिला बांधले. जाहीर केलं, फेब्रुवारीत शेटजी येतील, ज्याचं रोप सगळ्यात चांगलं त्याला बक्षीस. एकेचाळिसावीच्या वाट्याला उरलेलं रोप आलं. बदामाचं, वीतभर, एक पान धड आणि एक अर्धं किडलेलं. मी म्हटलं, “राहू दे, जगलं तर जगलं.” तिने ते झग्याच्या ओच्यात घेतलं आणि भिंतीजवळची सगळ्यात लांबची जागा निवडली.

मग माझं डोकं चाललं. खतखड्ड्यावरची एक पुस्तिका मी वाचली होती. मागच्या अंगणात एक खड्डा खणून घेतला, त्याला नाव दिलं ‘सोन्याचा खड्डा’, आणि पोरांना सांगितलं, “दर सोमवारी प्रत्येकाने घरून एक पुडी आणायची. स्वयंपाकघरात जे टाकून देतात ते. एकही गोष्ट वाया जाणारी नसते. आपण कचरा म्हणतो ते झाडाचं जेवण असतं.” हे वाक्य मला फार आवडलं होतं. फळ्यावरही लिहिलं.

सोमवार निवडला तो आठवड्याची सुरुवात म्हणून. रविवारी अर्ध्या मुंबईत मासळी शिजते आणि सोमवारच्या पुडीत रविवारचंच उरलंसुरलं असणार, हे शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे रविवारी अळूची भाजी असायची.

पहिल्या सोमवारी पुड्या आल्या. त्या पुड्या म्हणजे एकेका घराचं स्वयंपाकघरच होतं. वकिलांच्या मुलीने मोसंबीच्या साली आणल्या, स्वच्छ कागदात, वर दोरा बांधून. कुणी वाटाण्याची टरफलं, कुणी मेथीची देठं, कुणी चहाचा चोथा. एकाने नुसती राख आणली, घरात दुसरं काही टाकतच नाहीत म्हणाला. आज विचार करते तर कळतं, वर्गातली निम्मी पोरं मासळी खाणाऱ्या घरातली होती. त्यांच्या आयांना न सांगता समजलं होतं, शाळेत काय पाठवायचं आणि काय नाही. त्यांनी कांद्याची टरफलं पाठवली.

शेवटी एकेचाळिसावी पुढे आली. तिची पुडी सगळ्यांत मोठी, केळीच्या पानात बांधलेली. तिने ती खड्ड्याच्या काठावर ठेवून सोडली. बांगड्यांची डोकी, कल्ले, आतडी, कोळंबीची सालपटं. वर निळ्या माश्यांचा थवा घोंगावत आलाच.

“शी, घाण येतेय ना बाई,” वकिलांची मुलगी म्हणाली. पोरांनी नाकं धरली. मी पदर नाकाला लावला. चाळीस पोरांसमोर, पदर नाकाला.

“हे काय आणलंस?” मी म्हटलं. “ही शाळा आहे की मासळीबाजार?”

तिला माझा राग खरंच समजला नाही. “तुमीच सांगितलात ना बाई, घरात जा टाकतत ता घेवन येवा.”

“उलट उत्तर देऊ नकोस. उचल आधी. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून ये आणि तीनदा हात धू. तीनदा.”

तिने पान गोळा केलं. पाणी पानातून तिच्या झग्यावर ठिबकत होतं. सगळा वर्ग बघत होता आणि ती अंगण ओलांडून, फाटकातून, कोपऱ्यापर्यंत गेली. परत आल्यावर मी तिला खिडकीजवळ वेगळं बसवलं. आणि मग मी वर्गाला धडा दिला, की ओला कचरा म्हणजे सोनं. शब्द न शब्द तोच, फळ्यावर लिहिलेला. माझी जीभ एकदाही अडखळली नाही.

पुढच्या सोमवारी ती राख घेऊन आली.

माझा सोन्याचा खड्डा दिवाळीपर्यंत नासला. ओल्यावर सुकं घालायचं असतं, मध्ये माती पसरायची असते, हे पुस्तिकेत होतं, पण ते पान माझ्याकडून घाईत वाचलं गेलं होतं. खड्ड्यात अळ्या झाल्या. वास असा सुटला की तिसरीच्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सौम्यपणे म्हटलं, “बाई, तुमचं सोनं जरा पुरून टाकू या.” सुट्टीत त्यांनी गुपचूप दोन गडी लावून खड्डा बुजवला. मी त्याबद्दल वर्गात काही बोलले नाही. कुणी विचारलं नाही, आणि मी भाषणांचा विषय बदलला. शहरातली हिरवाई, झाडांची सावली, पाखरं.

रोपंही एकेक करून गेली. काही शेळ्यांनी खाल्ली, काही सुट्टीत पाण्यावाचून वाळली. डिसेंबरात पंधरा उरली, तीही मरतुकडी. फक्त भिंतीजवळचा बदाम वाढत होता. पानं हाताच्या पंज्याएवढी, बुंधा अंगठ्याएवढा, आणि उंची एकेचाळिसावीच्या खांद्याला लागलेली. मला कोडं पडलं होतं.

ते एका सकाळी सुटलं. मी त्या दिवशी लवकर आले होते. ती बदामाशी गुडघ्यांवर बसली होती. बुंध्यापासून हातभर अंतरावर तिने करवंटीने खड्डा केला होता, चांगला खोल. पानातलं त्यात ओतलं, वर राख, वर माती, माती पायाने दाबली आणि शेवटी त्यावर बोरीची काटेरी फांदी ठेवून दगड ठेवला, मांजरांनी उकरू नये म्हणून. हे सगळं इतक्या सराईतपणे की बघत राहावं. पूर्ण वर्तुळात तिने जागा आखल्या होत्या, दर वेळी पुढची जागा. कसलाही वास येत नव्हता. माझ्या पुस्तिकेत जे होतं आणि मला जमलं नव्हतं, ते ही दहा वर्षांची पोर महिनोन्‌महिने करत होती.

वळली तेव्हा मी समोर. ती जागच्या जागी थिजली. दोन्ही हात पाठीमागे.

मी तेव्हा तीन गोष्टी करू शकले असते. रागावू शकले असते, तिची माफी मागू शकले असते, किंवा विचारू शकले असते की हे कुठे शिकलीस. मी काहीच केलं नाही. पाहिलंच नाही असं दाखवून वर्गात गेले. कारण फेब्रुवारीत शेटजींना दाखवायला माझ्याकडे तेवढं एकच झाड होतं.

माझ्या गप्प बसण्याचा तिने भलताच अर्थ घेतला. तिला वाटलं, बाईंनी परवानगी दिली. त्या दिवसापासून ती माझ्याकडे बघून हलकेच हसायची. आमच्या दोघींचं काही गुपित असल्यासारखं. मी नजर चुकवायचे, पण मला ते हसू आवडायचंही.

जानेवारीत तिची आई शाळेत आली. नऊवारी, हाताला मसाल्याचा रंग, दारातच उभी. आत या म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत आली नाही. मुलगी तिच्या मागे अर्धी लपलेली.

“बाईनू, एक विचारूचा होता,” ती मुलीकडे बघत म्हणाली. “चेडू हुशार असा काय? खरा सांगा. माका खानावळीत हात कमी पडतत. चौथी झाली काय काढूचा, असा तिच्या बापाशीचा म्हणणा. पण तुमी हुशार म्हणालात तर मी घालीन पाचवेक. मगे बापूस काय बोलूचो नाय.”

मी म्हणायला हवं होतं, हो, माझ्या वर्गात हिच्याइतकी हुशार मुलगी नाही. चार शब्द. पण मला बोलायला नेहमी मोठी जागा लागायची. मी म्हटलं, “फेब्रुवारीत शेटजी येणार आहेत. त्या कार्यक्रमाला या. तिचं झाड पहिलं येणार आहे. सगळ्यांच्या समोर सांगते मी, तुमची मुलगी कशी आहे ते.”

आईने पदर सावरला. “येतंय,” म्हणाली. मागून मुलीचा चेहरा दिसला, तो मला अजून दिसतो. दुसऱ्या दिवशी ती दोन घट्ट वेण्या घालून, तेल चोपडून आली. तिच्यासाठी आता फेब्रुवारीची ती तारीख म्हणजे पाचवी होती.

शेटजी येणार ते नुसतं बक्षीस द्यायला नव्हे. शाळेला पाचवीपासून पुढचे वर्ग काढायचे होते, त्यासाठी दोन खोल्या हव्या होत्या आणि त्या शेटजी बांधून देतील अशी आशा होती. मुख्याध्यापक आठ दिवस झोपले नाहीत. आदल्या दिवशी ते बदामाभोवती फिरले. “फारच छान आलंय हो,” म्हणाले. मग थांबले, वाकून काटेरी फांदी उचलली आणि मातीत काहीतरी पांढरं चमकलं ते बघितलं. कोळंबीचं सालपट. त्यांनी फांदी होती तशी परत ठेवली.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “शेटजी विचारतील, याला घातलं काय. ती पोर बोलली तर खोल्या गेल्या. हे तुम्ही निस्तरा.”

माणूस वाईट नव्हता. आणि त्यांनी मला काय करायचं ते सांगितलं नव्हतं. ते माझं मला सुचलं.

कार्यक्रमाच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. बदामाशेजारच्या काठीवरून एकेचाळीस नंबरचा बिल्ला सोडवला आणि पिशवीत टाकला. झाडाभोवतीची माती सारखी केली, काटेरी फांद्या भिंतीपलीकडे फेकल्या. भिंतीवरून पलीकडे कचरा टाकू नये, यावर मी दोन भाषणं केली होती.

मुलगी आली तशी धावत झाडाकडे गेली. काठी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी मुलांना ओळीत उभं करण्यात गुंतले होते, म्हणजे गुंतल्याचं दाखवत होते. ती झाडाशेजारी जाऊन उभी राहिली.

पालक जमले. पुढच्या खुर्च्यांवर वकील वगैरे मंडळी. तिची आई सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, लुगडं नुकतीच घडी मोडलेलं, डोक्यावर पदर. खानावळ बंद ठेवून आली असणार. दुपारची वेळ होती आणि वीस बाप्ये जेवायचे होते.

शेटजी झाडाशी थांबले. पानाला हात लावला. “वा,” म्हणाले. “मुरमात इतकं वाढलं? काय खत घातलं हो बाई?”

“पालापाचोळा आणि भाजीपाल्याचा कचरा,” मी म्हटलं. “मुलं घरून आणायची.”

“आणि झाड कोणाचं?”

मी मागे भिंतीकडे बघितलं नाही. “वर्गाचं,” मी म्हटलं. “सगळ्या मुलांनी मिळून वाढवलं.”

शेटजींना हे फार आवडलं. मुख्याध्यापकांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळं पार पडलं असतं, पण शेटजींना मुलं आवडायची. झाडाला चिकटून उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि विचारलं, “काय गं, तू काय आणायचीस झाडासाठी?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनी काही खुणावलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण मी मान हलवली होती. अगदी थोडी. नको म्हणून.

“पालापाचोळा आणि भाजीपाल्याचा कचरा,” ती म्हणाली. मोठ्याने, स्पष्ट, पुस्तकातल्यासारखं. तिच्या बोलण्यात मालवणीचा मागमूसही नव्हता. माझंच वाक्य, माझ्याच चालीत.

मला काय वाटलं ते सांगते, कारण त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला हायसं वाटलं. अभिमानसुद्धा वाटला, की किती शुद्ध बोलली.

बक्षीस वर्गाच्या वतीने वकिलांच्या मुलीने घेतलं. ती वर्गाची मॉनिटर होती. शेटजींनी दोन खोल्या जाहीर केल्या, टाळ्या पडल्या, पेढे वाटले. पेढ्याचं ताट माझ्या हातात होतं. मी पुढच्या रांगेपासून वाटत मागे येत गेले आणि ताट मागच्या रांगेच्या अलीकडे संपलं. आणखी पेढे आत होते. मी आत गेले ते पाहुण्यांना निरोप देईपर्यंत आतच राहिले. खिडकीतून दिसत होतं, खुर्च्या उचलल्या जात होत्या आणि ती बाई अजून भिंतीशी उभी होती. मी तिला बोलावलं होतं, म्हणून थांबली होती. मी मनाशी म्हटलं, उद्या सांगेन. इतक्या माणसांत कुठे. मग मुलगी तिच्याजवळ गेली, काहीतरी बोलली, आईने तिच्याकडे न बघता पदर नीट केला आणि चालू लागली. मुलगी चार पावलं मागून.

ते उद्या महिनाभर लांबलं. मुलगी शाळेत यायची, पण हसायची नाही. दोन वेण्यांची पुन्हा एकच झाली. बदामाकडे ती गेली नाही. बिल्ला माझ्या पिशवीच्या तळाशीच होता.

परीक्षा झाली. ती वर्गात दुसरी आली. प्रगतिपुस्तक न्यायला ती आली नाही, आई आली. या वेळी उंबऱ्याच्या आत आली आणि म्हणाली, दाखला द्या.

“अहो पण का?” मी म्हटलं. “मुलगी हुशार आहे. फार हुशार आहे. पाचवी इथेच निघणार आहे आता, खोल्या होतायत.” सगळं बोलले. जानेवारीत जे चार शब्द निघाले नव्हते ते आता चाळीस झाले.

तिने ऐकून घेतलं. “हुशार असा ता माका कळला,” ती म्हणाली. “बाईनू, माझा चेडू घरात कधी खोटा बोलला नाय. रोज सकाळी मी स्वता तिच्या हातात बांगड्यांची डोकी दिलंय. खड्डो कसो करूचो, राख कशी टाकूची, मीयाच शिकवलंय. माझ्या आवशीन माका शिकवलेला. आणि ह्या सगळ्यांसमोर उभा ऱ्हवान सांगता, पालापाचोळो.” आवाज चढला नव्हता. “घरची लाज वाटूक लागली तिका. मी थय मागे उभी होतंय, माझ्या समोर. अजून पाचवी, सातवी शिकली तर माका आये म्हणूक पण लाजतली. शिकान असा होतला तर शाळा होई कशाक?”

तेव्हा सांगायचं होतं. तिला घरची लाज वाटली नाही हो, लाज मला वाटली. तिने माझी अब्रू राखली. मी मान हलवली म्हणून ती खोटं बोलली, बिल्ला मी काढला, तुम्हाला बोलावून मी तोंड लपवलं. एवढं म्हटलं असतं तर त्या बाईने मुलीला पाचवीत घातलं असतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. तिला मुलीला शाळेतून काढायचं नव्हतं. ती माझ्यासमोर उभी होती ती मी काही बोलते का ते बघायला.

बाजूच्या टेबलाशी मुख्याध्यापक बसले होते. खोल्यांचं काम सुरू व्हायचं होतं. मी म्हटलं, “बघा, विचार करा अजून.” आणि दाखला लिहायला घेतला. शाळा सोडण्याचं कारण असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, घरगुती अडचण.

जूनमध्ये पाचवी सुरू झाली. पटावर तीस मुलं. मी शिकवत राहिले, आणखी तेहतीस वर्षं. खानावळीच्या गल्लीतून जाणारा रस्ता जवळचा होता, पण मी लांबचा धरला. एकदाच, दोन-तीन वर्षांनी, बाजारात ती दिसली. लुगडं नेसलेली, डोक्यावर टोपली, मासळीवालीशी घासाघीस करत होती, भराभर, ठसक्यात. तिने मला पाहिलं. टोपली हातात घेतली आणि वाकून नमस्कार केला. मी “बरी आहेस ना?” म्हटलं आणि घाई आहे असं सांगून पुढे निघाले. घाई नव्हती.

बदाम मात्र वाढत गेला. कौलांच्या वर गेला, नव्या खोल्यांच्या वर गेला. त्याच्या सावलीत मी दर वर्षी नव्या चौथीला उभं करायचे आणि सांगायचे, हे झाड मुलांनी घरच्या कचऱ्यावर वाढवलंय, एकही गोष्ट वाया जाणारी नसते. पाहुणे यायचे त्यांना तेच सांगायचे. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं की बाई गेल्या तरी बाईंचं झाड इथे राहील. टाळ्या पडल्या आणि मी हात जोडले. शाळेत आजही त्याला बाईंचं झाड म्हणतात, असं ऐकते.

ते झाड माझं नाही. हजेरीपटावरच्या एकेचाळिसाव्या मुलीचं आहे, आणि त्याच्या मुळाशी बांगड्यांची डोकी आहेत.